रकाना नसलेला झेल

स्कोअरबुकात जवळपास प्रत्येक गोष्टीला जागा असते. वाईड, नोबॉल, बाय, लेगबाय, कोणी बाद केलं, झेल कोणाच्या हातात गेला, कितव्या धावेवर गडी पडला. जागा नसते ती सुटलेल्या झेलाला. स्लिपमधल्या माणसाच्या हातातून चेंडू निसटला तर वहीत एक टिंब पडतं. फलंदाज पुढे शंभर करतो आणि वीस वर्षांनी वही उघडणारा म्हणतो, काय खेळला होता बुवा! पूर्व विदर्भातल्या केशोरी गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. धानाचे पुंजणे चुरून झाले की गावोगाव टेनिस बॉलचे सामने लागायचे, त्यांची वही माझ्याकडे असायची. तिच्या समासात सुटलेल्या झेलांसाठी मी पेन्सिलीने एक फुली मारत असे. वरून कोणी सांगितलं नव्हतं, पण त्या फुल्यांमुळेच पानठेल्यावरच्या वादात माझं मत विचारलं जायचं.

त्या वादांतला सर्वांत लांबलेला वाद केशोरीच्या संघाबद्दल नाही, विदर्भाच्या संघाबद्दल आहे. १ जानेवारी २०१८ ला इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि रणजी करंडक पहिल्यांदा नागपुरात आणला. त्या संध्याकाळी ठेल्यावर दोन पक्ष पडले. एक म्हणाला, "गुरुजी, नसीबच होय ना जी हे! साठ वर्सं झोपले होते, एका वर्सात जागे झाले का?" दुसरा म्हणाला, नशीब नाही, पंडित. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आला म्हणून जिंकले. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटली आणि अजून वाटतात, कारण दोघंही एकाच मोसमाचा हिशेब करत होते. नशिबाचा हिशेब एका मोसमाने होत नाही, त्याला जुन्या वह्या काढाव्या लागतात.

तर जुनी वही. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला तेव्हा विदर्भ नावाचा संघ नव्हता. होता तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा. पुढे १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचं राजधानीपण गेलं. क्रिकेटच्या नकाशावर मात्र ही पुनर्रचना पुरती झालीच नाही. १९५७-५८ पासून विदर्भ आपल्या नावाने रणजी खेळू लागला. आज एका महाराष्ट्र राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात, गुजरातेतूनही बडोदा आणि सौराष्ट्र धरून तीन. माझ्या लेखी विदर्भाच्या क्रिकेटचं पहिलं मोठं नशीब हे. तेव्हा कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने तिन्ही संघ एक केले असते, तर आमच्या पोरांना पुण्याच्या किंवा मुंबईच्या निवड समितीपुढे रांगेत उभं राहावं लागलं असतं, आणि हा लेख लिहायला विषयच उरला नसता.

नशीब मिळालं तरी त्याचं काही करावं लागतं. साठ वर्षं विदर्भाने फारसं काही केलं नाही, असं म्हणायला जीभ कचरते, पण वही तसंच सांगते. आपल्या मातीतलं सोनं बाहेर जाण्याची रीत तर त्याहून जुनी. कर्नल सी. के. नायडू नागपूरचे, जन्म १८९५ चा. १९२३ ला होळकर महाराजांनी बोलावलं म्हणून इंदूरला गेले. डिसेंबर १९२६ ला मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ काढले, १९३२ ला भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी जिंकली. नागपूरला त्यांचा जन्म मिळाला, इंदूरला त्यांचा खेळ. विदर्भाने पहिला करंडक नेमका त्या इंदुरातच उचलला, याला मी योगायोगापलीकडे काही म्हणणार नाही. आमच्या पानठेल्यावर मात्र याला परतफेड म्हणतात.

नायडूंनंतर कितीतरी दशकं विदर्भाच्या संघाची कहाणी तीच ती. कोणीतरी एक चांगला निघायचा, बाकीचे त्याच्याभोवती कोसळायचे. प्रशांत वैद्य नावाचा नागपूरचा वेगवान गोलंदाज १९९५-९६ च्या सुमारास भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळला, तेव्हा मला वाटलं आता दार उघडलं. उघडलं नाही. २००२-०३ पासून रणजीत वरचा आणि खालचा असे दोन गट झाले, आणि विदर्भ खालच्या, म्हणजे प्लेट गटातलाच संघ म्हणून ओळखला जाऊ लागला. पहिला विदर्भीय कसोटीपटू मिळायला २०११ उजाडलं. तो उमेश यादव, खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. लेदरचा चेंडू त्याच्या हातात आला तेव्हा तो जवळपास विशीचा होता. उमेशला कोणी घडवलं नाही, तो सापडला. एका माणसाच्या बाबतीत असं सापडणं चालतं. अकरा माणसं अशी सापडत नाहीत.

इथून पुढे निर्णयांची गोष्ट सुरू होते आणि ती कंटाळवाणी आहे. चांगल्या निर्णयांची गोष्ट बहुधा कंटाळवाणीच असते, म्हणून पानठेल्यावर ती कोणी सांगत नाही. टीव्हीचे पैसे क्रिकेट मंडळाकडून राज्य संघटनांकडे वाहू लागले, तेव्हा नागपूरच्या शशांक मनोहरांच्या काळात विदर्भ क्रिकेट असोसिएशनने जामठ्याला वर्धा रोडवर नवं मैदान बांधलं. २००८ च्या नोव्हेंबरात तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी झाली, सौरव गांगुलीची शेवटची. मैदानं सगळीकडेच झाली. इथे त्याबरोबर मुलांना राहून शिकता येईल अशी अकादमी उभी राहिली, वयोगटांच्या संघांना पूर्णवेळ प्रशिक्षक मिळाले, आणि त्या कामात तोच प्रशांत वैद्य पुढे होता ज्याच्या वेळी दार उघडलं नव्हतं. अकादमीचं फळ लगेच दिसत नाही. चौदा वर्षांचा मुलगा आत घेतला तर तो मोठ्या संघात यायला सात-आठ वर्षं लागतात, तोवर वर्तमानपत्रात पराभवच छापून येतात. हा धीर ज्यांनी धरला, ते मला पंडितांइतकेच महत्त्वाचे वाटतात. त्यांची नावं मात्र ठेल्यावर कोणाला सांगता येत नाहीत.

दुसरा निर्णय वादाचा होता: बाहेरचे खेळाडू. तामिळनाडूचा बद्रीनाथ आला, कर्णधारही झाला. कर्नाटकाचा गणेश सतीश आला. २०१५ ला मुंबईचा वसीम जाफर आला. तेव्हा आमच्याकडे ओरड झाली, आपल्या पोरांच्या जागा खाल्ल्या म्हणून. मी झाडीपट्टीचा माणूस, मला ही ओरड पटली नाही. इथून जवळच्या वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या मंडईच्या हंगामात मुंबई-पुण्याच्या नट-नट्या आणतात, पोस्टरवर त्यांचा फोटो मोठा असतो. म्हणून नाटक मुंबईचं होत नाही. रात्रभर नाटक पेलून धरतो तो गावाकडचा नट, आणि पाहुण्याला प्रवेश कसा घ्यायचा ते बघत बघत पुढच्या वर्षी तोच मोठा होतो. पाहुणा उसना आणायचा तो एवढ्यासाठीच.

जाफरच्या बाबतीत तर नशीब आणि निर्णय एकमेकांत असे गुंतले आहेत की सुटे करता येत नाहीत. एका मोसमात तो दुखापतीमुळे खेळूच शकला नाही, तरी संघटनेने त्याचे कराराचे पैसे ठरल्याप्रमाणे दिले. त्याने ते लक्षात ठेवलं आणि २०१७-१८ चा मोसम पैसे न घेता खेळला. आता याला काय म्हणायचं? पैसे देणं हा निर्णय. समोरचा माणूस असा निघणं हे नशीब. पैसे अडवले असते, तर त्या नशिबाला यायला वाट राहिली नसती. त्या मोसमात त्याने ५९५ धावा काढल्या. धावांपेक्षाही जास्त मोलाचं होतं त्याचं स्लिपमध्ये उभं असणं, हे मी स्कोअरर म्हणून सांगतो.

आणि पंडित. त्यांनी मुंबईला २०१५-१६ चा करंडक जिंकून दिला होता, पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली आणि मुंबईने त्यांना सोडलं. एका अंतिम पराभवावरून जिंकलेला प्रशिक्षक सोडणं हा मुंबईचा निर्णय, आणि तो विदर्भाच्या पथ्यावर पडला. पण पंडित मोकळे आहेत हे सगळ्या देशाला दिसत होतं. फोन नागपूरहून गेला. पंडितांची शिस्त कडक, त्यांना खडूस म्हणणारे पुष्कळ. साठ वर्षं हरायची सवय झालेल्या संघाला गोड बोलणारा माणूस उपयोगाचा नव्हता, हे ज्यांनी ओळखलं त्यांना दाद द्यायला हवी.

आता तो मोसम. कर्णधार फैज फजल, नागपूरचा, संघात सर्वांत जुना. २०१६ ला झिम्बाब्वेत भारताकडून एकच एकदिवसीय सामना मिळाला, त्यात नाबाद ५५ काढले, पुन्हा बोलावणं आलं नाही. त्या मोसमात त्याने ९१२ धावा काढल्या. विदर्भ आपल्या गटात पहिला आला, उपांत्यपूर्व सामन्यात सुरतेला केरळला ४१२ धावांनी हरवलं. इथवर नशिबाचं नाव काढायची गरज नव्हती. मग आला कोलकात्याचा ईडन गार्डन्सचा उपांत्य सामना, समोर कर्नाटक.

हा सामना मी सावकाश सांगणार, कारण पूर्ण वाद याच्यात आहे. विदर्भ पहिल्या डावात १८५. कर्नाटक ३०१, त्यात करुण नायरच्या १५३. इथे सामना संपल्यातच जमा होता. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केले, त्यात सर्वाधिक ८१ गणेश सतीशच्या, आपल्याच जुन्या राज्याविरुद्ध. कर्नाटकाला हव्या होत्या १९८. चौथ्या दिवशी संध्याकाळी ७ बाद १११. पाचव्या दिवशी सकाळी तीन गडी आणि ८७ धावा. शेपटाने चिकाटी धरली, एकेक करत फरक कमी होत गेला आणि कर्नाटक १९२ वर आटोपलं. पाच धावांनी विजय. रजनीश गुरबाणीने दुसऱ्या डावात ६८ धावांत सात बळी घेतले, सामन्यात बारा. सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला हा मुलगा त्या मोसमात सहाच सामने खेळला आणि ३९ बळी घेऊन गेला.

"पाच रन म्हंजे का जी?" ठेल्यावरचा पहिला पक्ष विचारतो. "एक चौका आन् एक सिंगल." बरोबर आहे. दोन चेंडू बॅटच्या कडेला लागून स्लिपच्या बाजूने सीमेपार गेले असते, तर पंडित नागपूरला येऊन काय उजेड पाडला, असे मथळे आले असते. म्हणून हा विजय मी निर्णयांच्या खात्यात पूर्ण लिहीत नाही. पण हेही बघा. विदर्भाचे जुने संघ पहिल्या डावात ११६ नी मागे पडल्यावर पाचव्या सकाळपर्यंत टिकत नव्हते. पाच धावांचं नशीब अनुभवायला पाचव्या दिवशी मैदानावर असावं लागतं. पूर्वीच्या साठ वर्षांत असे सकाळचे चेंडू दुसऱ्यांच्या सामन्यात पडत होते, आम्ही आधीच घरी पोहोचलेलो असायचो.

अंतिम सामन्याआधी उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. हे वाईट नशीब. त्याच्या जागी अनुभवी गोलंदाज न घेता अकोल्याच्या १९ वर्षांच्या आदित्य ठाकरेला थेट रणजीच्या अंतिम सामन्यात पदार्पण दिलं. फजलने नाणेफेक जिंकली आणि गोलंदाजी घेतली. अंतिम सामन्यात नवख्या पोराला घेऊन पहिल्या दिवशी गोलंदाजी घ्यायला छाती लागते. दिल्लीच्या ध्रुव शोरीने १४५ केले तेव्हा ती छाती वेडेपणा वाटत होती. मग गुरबाणीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि स्वतः शोरी यांच्या दांड्या उडवल्या. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक त्याआधी एकाच माणसाने घेतली होती, १९७२-७३ ला तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने. दिल्ली २९५. विदर्भाने उत्तरादाखल ५४७ केले. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३, त्याचं प्रथम श्रेणीतलं पहिलंच शतक. आदित्य सरवटेने ७९, सिद्धेश नेरळने ७४. हे खालच्या फळीतले, अकादमीच्या काळात वाढलेले. त्या मोठ्या धावसंख्येत पाहुण्यांपैकी मोठा वाटा फक्त जाफरच्या ७८ चा होता. माझ्या नाटकाच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला नको.

एक करंडक नशिबाने मिळतो, असं मी मान्य करून टाकतो. राजस्थानचं बघा. २०१०-११ ला तेही प्लेट गटातून वर आले, दीपक चहरने दहा धावांत आठ बळी घेऊन हैदराबादला २१ वर गुंडाळलं, आणि पुण्याच्या हृषीकेश कानिटकरच्या नेतृत्वाखाली पाहुणे खेळाडू घेऊन त्यांनी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. नंतर ते ओसरले. विदर्भाबद्दलही हेच होणार, असं २०१८ ला पुष्कळांचं मत होतं, आणि माझी पेन्सिल मी परजून ठेवली होती.

२०१८-१९ चा अंतिम सामना जामठ्याला, सौराष्ट्राविरुद्ध. विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७. पुन्हा पाच. सौराष्ट्र अंतिम फेरीत आलं तेच चेतेश्वर पुजाराच्या नाबाद १३१ मुळे, आणि बंगळुरूच्या त्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाची त्याच्याविरुद्धची झेलाची जोरदार दाद पंचांनी फेटाळली होती. म्हणजे नशीब या वेळी समोरच्या तंबूत बसून आलं होतं. पण अंतिम सामन्यात आदित्य सरवटेने पुजाराला पहिल्या डावात १ आणि दुसऱ्या डावात शून्यावर बाद केलं, सामन्यात अकरा बळी घेतले आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकला. चाळिशी ओलांडलेल्या जाफरने त्या मोसमात १०३७ धावा केल्या. दोन्ही वर्षी इराणी करंडकही विदर्भाकडेच आला. २०१८ च्या इराणीत जाफरच्या २८६ होत्या, आणि २०१९ च्या इराणीची बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामाच्या शहिदांच्या कुटुंबांना दिली.

मग तेच झालं जे राजस्थानचं झालं होतं. पुढच्या मोसमात विदर्भ बाद फेरीतही पोहोचला नाही. जाफर निवृत्त झाला. पंडित २०२० ला मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ ला त्यांनी मध्य प्रदेशाला बंगळुरूत मुंबईविरुद्ध करंडक मिळवून दिला, ज्या मैदानावर १९९९ ला मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते स्वतः अंतिम सामना हरले होते. ठेल्यावरचा दुसरा पक्ष तेव्हा जोरात होता. "पाहा, पंडित म्हणजेच सगळं." मी म्हटलं, थांबा थोडं. अकादमी जामठ्यालाच आहे, ती पंडितांनी सोबत नेलेली नाही.

जानेवारी २०२३ ला नागपुरात गुजरातविरुद्धचा सामना झाला. विदर्भ पहिल्या डावात ७४ वर बाद, गुजरात २५६, विदर्भ २५४, गुजरातला हव्या होत्या ७३. गुजरात ५४ वर बाद. रणजीच्या इतिहासात इतक्या कमी धावांचा बचाव कोणी केला नव्हता, आधीचा विक्रम १९४८-४९ ला बिहारने दिल्लीविरुद्ध ७८ वाचवले तो होता. सरवटेचे सतरा धावांत सहा बळी. माझे मित्र हा सामना चमत्कार म्हणून सांगतात. मला तो खेळपट्टीचा सामना वाटतो. चेंडू तिथे वळत होता आणि दोन्ही संघ कोसळले. माझ्या मते अशा विजयावरून संघाबद्दल काहीच ठरवू नये.

ठरवायचं ते २०२३-२४ वरून. त्या वर्षी विदर्भ अंतिम फेरीत पोहोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरला. पहिल्या डावात १०५ वर गडगडले. ५३८ धावांचं अशक्य लक्ष्य समोर असताना मात्र दुसऱ्या डावात ३६८ केल्या, कर्णधार वाडकरने १०२, तरुण हर्ष दुबेने ६५. करंडक मुंबईला गेला म्हणून गावात कोणी या सामन्याचं नाव काढत नाही. मला विचाराल तर विदर्भाचं क्रिकेट उभं राहिलंय याचा माझ्याजवळचा सर्वांत पक्का पुरावा हाच पराभव आहे. पंडित नव्हते, जाफर नव्हता, फजल नुकताच निवृत्त झाला होता. प्रशिक्षक होते उस्मान घनी, इथलाच माणूस.

त्या संघात दोन नवे पाहुणे होते आणि ते कोण होते ते ऐका. एक करुण नायर, ज्याने ईडनवर विदर्भाविरुद्ध १५३ काढल्या होत्या. २०१६ ला चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ करणारा हा माणूस पुढे कर्नाटकाच्या संघातूनही बाहेर पडला. क्रिकेटने आपल्याला आणखी एक संधी द्यावी असं त्याने जाहीरपणे लिहिलं, आणि ती विदर्भाने दिली. दुसरा ध्रुव शोरी, गुरबाणीच्या हॅट्‌ट्रिकचा तिसरा बळी. ज्यांनी आपल्याला सर्वांत जास्त छळलं तेच खेळाडू बोलावून घेणं, यात मला चोख व्यवहार दिसतो. ज्याने वही नीट वाचली आहे त्यालाच हे सुचतं.

२०२४-२५ ला विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवून वानखेडेचा हिशेब चुकता केला. हर्ष दुबेने मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमात इतके बळी कोणीच घेतले नव्हते. यश राठोडच्या ९६० धावा. अंतिम सामना जामठ्याला, केरळशी. आणि केरळ अंतिम फेरीत आलं कसं? उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात एका धावेची आघाडी. उपांत्य सामन्यात केरळ ४५७, गुजरातचा शेवटचा गडी खेळतोय, ४५५ झाल्या आहेत. नागवासवालाने फटका जोरात मारला, चेंडू शॉर्टलेगच्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उंच उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात पडला. दोन धावांची आघाडी, केरळ अंतिम फेरीत. गोलंदाज कोण? आदित्य सरवटे. विदर्भाचा सरवटे त्या मोसमात केरळचा पाहुणा होता.

या झेलाला लोक नशिबाची कमाल म्हणतात. त्याच्यामागे एक बैठकीतला निर्णय आहे, हे कमी लोकांना माहीत असतं. क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडालेला चेंडू झेलला तर पूर्वी फलंदाज नाबाद असायचा. एमसीसीने नियमांची नवी संहिता ऑक्टोबर २०१७ पासून लागू केली, तेव्हापासून असा झेल धरला जातो. लंडनमधल्या एका समितीने कागदावर दोन ओळी बदलल्या नसत्या, तर अहमदाबादेत तो फलंदाज नाबाद राहिला असता आणि नागपुरात विदर्भासमोर कदाचित गुजरात उभं असतं. माझ्या समासातल्या पेन्सिलीने या गोष्टी कशा टिपायच्या, सांगा.

अंतिम सामन्यात विदर्भ ३ बाद २४ होता. तिथून नागपूरचा पहिल्याच मोसमातला दानिश मालेवार आणि नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. दानिश १५३, नायर ८६ वर धावबाद. विदर्भ ३७९. केरळसाठी सरवटेने ७९ केल्या, २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात विदर्भाकडून केल्या होत्या तेवढ्याच. सचिन बेबी ९८ वर बाद झाला आणि केरळ ३४२ वर थांबलं. ३७ ची आघाडी. दुसऱ्या डावात नायर ३१ वर असताना त्याचा स्लिपमधला झेल सुटला. त्याने पुढे १३५ केल्या, सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक विदर्भाचा, तिसरा. ठेल्यावरच्या पहिल्या पक्षाने मला लगेच गाठलं. "गुरुजी, मारली का फुली?" मारली. पण झेल सुटला तेव्हा आघाडी आधीच खिशात होती. तो धरला असता तर काय झालं असतं, यावर वाद घालायला मी तयार आहे, फक्त पहिल्या डावातला दानिश त्यातून वगळायचा नाही.

माझी एक खंत सांगून ठेवतो. विदर्भ म्हटलं की नागपूर, फार तर अकोला, अमरावती. केशोरीहून नागपूर मोटारीने चार तास. इथल्या मुलांना टेनिस बॉल सोडून लेदरचा चेंडू हाताळायला मिळत नाही. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतली पोरं फुटबॉलमागे पळतात, आमची टेनिस बॉलमागे. मिरचीचे तोडे सुरू असले की दुपारी तीही दिसत नाहीत. वलनीचा उमेश नागपूरच्या पायथ्याशी होता, म्हणून सापडला. इटियाडोहच्या कालव्यापलीकडे असा एखादा असेल, तर त्याच्यापर्यंत अजून कोणाचा निर्णय पोहोचलेला नाही.

२०२५ च्या मोसमाआधी नायर कर्नाटकाला परत गेला. यष्टिरक्षक जितेश शर्मा, अमरावतीचा, बडोद्याला गेला. ठेल्यावर सुतक पाळल्यासारखं वातावरण होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, हलका धान कापणीला आला असताना, जामठ्याला इराणी करंडक झाला. अकोल्याच्या अथर्व तायडेने १४३ केल्या, विदर्भाने शेष भारतापुढे ३६१ चं लक्ष्य ठेवलं आणि सामना ९३ धावांनी जिंकला. हा विजय नशिबाच्या खात्यात टाकायला पहिल्या पक्षाला काही सापडलं नाही. म्हणून त्यांनी विषय बदलला: नायरच्या जागी आता पाहुणा कोण आणायचा? एकाने शुभमन गिलचं नाव घेतलं, बाकीचे हसले. मी म्हटलं, फलंदाज नको. डावखुरा वेगवान गोलंदाज बघा, आणि तो ज्याने आपल्याला मागच्या दोन मोसमांत सर्वांत जास्त वेळा बाद केलं असेल तो बघा. वही काढतो, थांबा.